मराठवाडा म्हणजे तीनच समाज?

गोदाकाठ: कालच्या पोस्टीत बालाघाट यांनी लिहिलंय, ‘मराठा, दलित, मुसलमान, यात अख्खा मराठवाडा आला; वैविध्य बघायचं तर मुंबईला जा.’ मग किनवट-माहूर कुठे गेलं? तिथे गोंड, कोलाम, परधान, आंध राहतात. गोंडी-कोलामी या द्राविडी भाषा, आंध मराठी बोलतात, म्हणजे आदिवासीसुद्धा एकसारखे नाहीत. नांदेडला हुजूर साहिबभोवती दखनी शीख आहेत. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर तर हबशी, आफ्रिकी वंशाचा होता.

बालाघाट: मलिक अंबर चारशे वर्षांमागचा, आजचं बोला. जनगणनेचा भाषेचा तक्ता उघडा. मराठी, उर्दू, हिंदी वगळून उरतं काय? देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड. बस्स.

तांडा: तोच तक्ता फसवा आहे. त्यातली ‘हिंदी’ कोणाची? बंजारी आणि लमाणी-लंबाडी या मातृभाषा जनगणना हिंदीच्या पोटात टाकते. २०११ मध्ये देशभरातून १९,५६९ कच्ची नावं आली. ती जुळवून १,३६९ केली आणि शेवटी भाषा उरल्या १२१. हिंदीखाली ५६ मातृभाषा बसवल्यात. एका तांड्यात कोणी गोरमाटी सांगतो, कोणी लमाणी, कोणी बंजारा, तर मुलं शाळेत जातात म्हणून कोणी थेट मराठी. आकडा तिथेच फुटतो. तुम्ही वाचताय ती बेरीज, माणसं नव्हेत.

बालाघाट: भाषेच्या आडून आता बंजारा आदिवासी आरक्षण मागणार, हे दिसतंच आहे. निजामकाळातलं हैदराबाद गॅझेट सरकारने मराठा आरक्षणासाठी मान्य केल्यापासून हेच चाललंय.

तांडा: विषय तुम्हीच काढलात, तर ऐका. लंबाडी म्हणजे बंजाराच; ते तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, आपल्याकडे विमुक्त जाती ‘अ’, ३ टक्के आरक्षण. किनवट १९५६ पर्यंत आता तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. रेषा सरकली आणि एकाच गोताचे लोक दोन याद्यांत गेले. याला भाषेची आड म्हणता?

पैनगंगा: थांबा. त्याच किनवटात कोलाम आहेत, केंद्राच्या यादीत अति असुरक्षित आदिम जमात. जमातींचा वाटा राज्यात ७ टक्के. त्यात मोठा समाज आला तर कोलामाच्या पोराच्या हाती काय लागेल? अन्याय झाला असेल, भरपाई आमच्या ताटातून नको.

तांडा: वाटा वाढवून मागा, आम्ही सोबत येऊ. पण ‘हे आदिवासी नाहीतच’ हे ऐकून घेणार नाही.

पैनगंगा: वाटा आधी वाढू दे, सोबतीचं मग बघू.

गोदाकाठ: वाद यादीवर गेला, नोंदीचं राहिलं. २०११ च्या जनगणनेच्या पत्रकात १० वा प्रश्न मातृभाषेचा होता: लहानपणी आई जी बोलली ती. ११ वा, येणाऱ्या इतर दोन भाषांचा. मराठी तिथे सांगता येते. प्रगणकाने विचारण्याआधीच ‘मराठी’ लिहिलं तर खोडायला लावा. धर्माच्या रकान्यातही असंच होतं. नुसतं ‘बौद्ध’ सांगून जातीचं नाव दिलं नाही, तर माणूस अनुसूचित जातीत मोजला जात नाही. २०२७ च्या गणनेत जातही विचारणार आहेत. तेव्हा तांड्याने भाषेचं एकच नाव ठरवून सांगावं.

बालाघाट: हिंदीखाली बंजारी जाते हे माहीत नव्हतं, तेवढं मान्य. ‘तीनच’ हा शब्द मागे घेतो. आरक्षणावर मात्र मी पैनगंगा यांच्या बाजूने.

पैनगंगा: माझ्या बाजूने येऊ नका. तुमच्या ‘तीन’मध्ये कोलामही नव्हता.