चाहत्यांनीच घडवलेला बँड

काहीजण म्हणतात की जुने बँड मंचावरून चाहत्यांचे आभार मानतात तो निव्वळ शिष्टाचार असतो. मला हे अजिबात पटत नाही. चीप ट्रिक या रॉक बँडचंच बघा. अमेरिकेतल्या रॉकफर्डच्या या चौघांचे पहिले तीन अल्बम त्यांच्याच देशात फारसे खपले नव्हते. जपानमध्ये मात्र लोक वेडे झाले होते! एप्रिल १९७८मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात ते वाजवायला उभे राहिले, तेव्हाचं रेकॉर्डिंग ऐका. 'आय वाँट यू टू वाँट मी' हे गाणं १९७७च्या स्टुडिओ अल्बममध्ये अमेरिकेत पडलं होतं. बुदोकानमध्ये त्याची लय वाढली, आणि 'क्राइंग' हा शब्द आला की अख्खं सभागृह तो परत म्हणतं. मला तर त्या गाण्यातलं ते पाचवं वाद्यच वाटतं. हेच लाइव्ह रूप १९७९मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे श्रोत्यांच्या आवाजानेच गाणं जिवंत केलं.

२०१६मध्ये हा बँड रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे रॉक संगीतातल्या मानाच्या यादीत, गेला. त्या चौघांपैकी रॉबिन झँडर, रिक नील्सन आणि टॉम पीटरसन त्यानंतरही वाजवत राहिले. ड्रमवर आता रिकचा मुलगा डॅक्स असतो. आणि रिक अजून वाजवता वाजवता गिटारची पिक्स (तारा छेडायच्या छोट्या चकत्या) मूठमुठीने प्रेक्षकांत उधळतो. पुढच्या रांगेतली माणसं ती झेलायला कशी धडपडतात, तेवढं एकदा बघाच.