मदत हवी आहे : उल्हास नदीच्या तळावरचा बारीक गाळ कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात नववीला विज्ञान शिकवते. यंदा मुलांना घेऊन बदलापूर-वांगणी पट्ट्यात उल्हास नदीचा तळ अभ्यासायचा आहे. गाळ म्हटलं की लोकांना पूर आठवतो, जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आठवते. मला पुराने आणून टाकलेल्या गाळाच्या ढिगांबद्दल विचारायचं नाहीये. ०.०६३ मिलिमीटरपेक्षाही बारीक जो पोयटा आणि चिकणमाती गोट्यांच्या फटींत जाऊन बसते, ती मोजायची आहे.

बदलापूरच्या बॅरेजजवळच्या (नदीवरच्या बंधाऱ्याजवळच्या) संथ पाण्यात एक गोटा उचलून पाहिला. वर बुळबुळीत तपकिरी थर, बोटांवर चोळला तर जराही खरखर नाही. खालची बाजू काळी आणि सडक्या अंड्यांचा वास. तिथे फक्त लाल अळ्या वळवळत होत्या. त्याउलट वांगणीच्या वर, खळखळत्या उथळ पाण्यातला गोटा खालून स्वच्छ होता आणि त्याला किड्यांनी वाळूचे कण जोडून केलेली इवली घरं चिकटलेली. हा फरक मुलांनी डोळ्यांनी पाहिला, आता तो आकड्यात हवा आहे. फटी बुजल्या की आतून ऑक्सिजनयुक्त पाणी फिरत नाही, गोट्यांखाली घातलेली माशांची अंडी गुदमरतात. शिवाय फॉस्फेट आणि जड धातू याच बारीक कणांना चिकटून येतात. वरून पाणी नितळ दिसलं म्हणून नदी बरी आहे असं कसं म्हणायचं?

प्रयोगशाळा म्हणजे शाळेचीच. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. फावड्याने तळ उचलला तर बारीक माती वाटेतच वाहून जाते. दुसरी पद्धत कोणी वापरली आहे का? आणि जायचं कधी?

प्रतिसाद – काठावरचा

ताई, तळ नसलेली बादली घ्या. कडा तळात पाचेक सेंटिमीटर रुतवा म्हणजे आतलं पाणी वेगळं पडेल. आत पाण्याची उंची मोजा. आधी नुसतं पाणी ढवळून एक बाटली भरा, हा वरवरचा गाळ. मग तळाचा वरचा थर काठीने हलवून लगेच दुसरी बाटली, हा वरवरचा आणि फटींतला मिळून. तिसरी बाटली बादलीबाहेरच्या नदीची, तिचा आकडा दोन्हींतून वजा करायचा.

हिशोब सोपा आहे. समजा वजाबाकीनंतर लिटरला २ ग्रॅम गाळ आला आणि पाणी ३० सेंटिमीटर होतं, तर २ × ०.३ × १००० म्हणजे चौरस मीटरला ६०० ग्रॅम. बादली लहान की मोठी याने फरक पडत नाही. एका जागी एकच मोजणी मात्र करू नका. हाताच्या अंतरावर आकडा बराच बदलू शकतो, म्हणून निदान पाच जागा घ्या.

घाई होते ती निवळण्यात. ०.००२ मिलिमीटरचा कण १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ८ तास घेतो. बाटली दोन दिवस हलवू नका, मगच वरचं पाणी काढा. तुरटी टाकू नका, तिचंही वजन त्यात येतं. राहिलेला गाळ १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. साधा गाळणीकागद चिकणमाती अडवत नाही.

पावसाळ्यात पात्रात उतरूच नका. पूर वेगवान भागातला गाळ धुऊन नेतो आणि ओसरताना संथ जागी टाकतो, म्हणून एक मोजणी नोव्हेंबरात, दुसरी मे महिन्यात. कल्याणच्या खाली जाऊ नका. तिथे भरतीचं खारं पाणी लागलं की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून झपाट्याने खाली बसतात, ते आकडे बदलापूरच्या शेजारी मांडता येणार नाहीत.

धागाकर्ती

तिसरी बाटली माझ्या डोक्यातच आली नव्हती, मनापासून आभार! बॅरेजच्या वर पाणी तुंबतं, तिथे आकडा जास्त येणारच. मग खालच्या आणि वरच्या जागा निवडताना पाण्याचा वेगही नोंदवावा का? संत्रं तरंगत सोडून १० मीटरला लागणारा वेळ मोजला तर चालेल?

प्रतिसाद – काठावरचा

चालेल, आणि नोंदवाच. वेग सारखा असलेल्या जागांचीच आपसात तुलना करा, नाहीतर बॅरेजचा परिणाम आणि वरून डोंगर कापल्यामुळे, विटभट्ट्यांमुळे आलेली माती यांची गल्लत होईल. बॅरेजमधून पाणी कधी सोडतात ते आधी विचारून घ्या आणि मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू देऊ नका.