महाडच्या डॉ. बावस्करांनी नेमकं काय केलं?

प्रश्न: मुलीला शाळेत पाच मिनिटं बोलायचंय. २०२२ची पद्मश्री ठाऊक आहे, पण काम काय?

भातखाचर: आमच्याकडे कापणीत लाल विंचू चावला की माणूस घामाने निथळायचा, हातपाय गार, तोंडाला फेस. आधी मांत्रिक, मग दवाखाना! बावस्कर उशाशी बसून नाडी, प्रेशर टिपत राहिले. विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी होतं. रक्तदाबावरची प्राझोसिन गोळी त्यांनी वेळेत द्यायला सुरुवात केली. ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने छापलं, तेही कोकणातल्या डॉक्टराचं! पद्मश्री फार उशिरा दिली, माझं स्पष्ट मत.

कोकणकडा: पत्नी डॉ. प्रमोदिनींनाही विसरू नका. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हे दोघांनी २०११मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

प्रश्नकर्ता: मांत्रिकाचा भाग मुलीने आधीच लिहून घेतला!