बालगृहासाठी बंगल्याचा वापर बदल: आधी नोंदणी की आधी परवानगी? मदत हवी आहे

आमच्या छोट्या न्यासाला निवासी पट्ट्यातल्या एकमजली बंगल्यात 12 मुलींचं बालगृह सुरू करायचं आहे. बंगला भाड्याचा, करार नोंदवलेला. भोगवटा प्रमाणपत्र निवासी वापराचं, म्हणून नगररचना विभागाकडून वापर बदलाची परवानगी हवी. अग्निशमनाचा ना-हरकत दाखला मिळाला. दोन शयनकक्ष मिळून 520 चौरस फूट, म्हणजे बाल न्याय आदर्श नियम 2016 मधल्या दर मुलामागे 40 चौरस फुटांच्या हिशेबात बसतं.

अडलंय ते इथे. नगररचना विभाग म्हणतो, बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 खालची बालगृहाची नोंदणी आधी आणा. बालविकास कार्यालय म्हणतं, जागेची परवानगी जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नाही. दोन्हीकडे लेखी मागितलं, तोंडीच उत्तर मिळालं. नोंदणीशिवाय एकही मूल ठेवायचं नाही, हे आमचं पक्कं आहे.

त्यात 23 सह्यांची हरकत आली आहे. बहुतेकांना हे 'सुधारगृह' वाटतंय. घरोघरी जाऊन सांगितलं की या मुलींवर कसलाही गुन्हा नाही, बाल कल्याण समिती त्यांना काळजी आणि संरक्षणासाठी पाठवते. एका काकूंनी नकाशा शेवटपर्यंत पाहिला आणि गच्चीचा कठडा कमी उंच आहे हे दाखवून दिलं. तो आता वाढवतोय. सही मात्र त्यांनी मागे घेतलेली नाही.

सुनावणी पंधरा दिवसांवर आहे. वकील करण्याइतके पैसे नाहीत.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: नोंदणीच्या अटीवर सशर्त वापर बदल मिळतो का, आणि तो मागताना अर्जाला नेमकं काय जोडलं होतं?