ज्युरीने शिक्षा ‘ठोठावली’ म्हणावं का?

प्रश्न : टेक्सासमधल्या फेलनी खटल्याच्या बातमीचं भाषांतर करतेय. ‘ज्युरीने २० वर्षांची शिक्षा ठोठावली’ असं लिहिलं, तर संपादक म्हणतात, ज्युरी फक्त दोषी-निर्दोष सांगते, शिक्षा न्यायाधीशच देतात. शिवाय फेलनीला ‘दखलपात्र गुन्हा’ चालेल का?

— दखलपात्र नकोच. त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात का, एवढंच पाहतात. फेलनी ठरते ती शिक्षेच्या वजनावरून. सरळ ‘गंभीर गुन्हा’ लिहा, नाहीतर फेलनीच ठेवा. आणि ज्युरीला ‘पंच’ करू नका, वाचकाला पंचनामा आठवेल!

— संपादकांचं म्हणणं अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांना लागू पडतं (मृत्युदंडाचे खटले वेगळे), टेक्सासला नाही. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला आठवतो. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. शिक्षा हा ज्युरीचा विषयच नव्हता.

टेक्सासमध्ये खटला दोन टप्प्यांत चालतो. दोष सिद्ध झाला की त्याच बारा जणांपुढे शिक्षेची सुनावणी होते. जुने गुन्हे, स्वभाव, घरच्यांच्या साक्षी, असं पहिल्या टप्प्यात सहसा बाहेर ठेवलेलं बरंच काही इथे येतं. मात्र ज्युरीकडून शिक्षा हवी, हे आरोपीने ज्युरीनिवड सुरू होण्याआधी लेखी मागावं लागतं; नाहीतर साधारणपणे काम न्यायाधीशांकडे. पहिल्या श्रेणीच्या फेलनीला ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप. एवढ्या मोठ्या पट्ट्यातला आकडा बारा सामान्य माणसांनी एकमताने काढायचा! एकमत झालं नाही, तर फक्त शिक्षेचा टप्पा पुन्हा चालवतात.

— व्हर्जिनियातही ज्युरीपुढे खटला चालवला की शिक्षा ज्युरीच ठरवायची. १ जुलै २०२१पासून आरोपीने मागितलं तरच.

— तरी ‘ठोठावली’ मला खटकतं. टेक्सासच्या कायद्यात आकडा ज्युरी काढते, पण भर कोर्टात तो उच्चारून अंमलाचा हुकूम देतात न्यायाधीश. मराठीत दोन्ही क्रियापदं तयार आहेत : ज्युरीने शिक्षा ठरवली, न्यायाधीशांनी सुनावली. ‘ठोठावणे’त दोन्ही मिसळतं.

प्रश्नकर्ती : मथळ्यात एवढं बसणार नाही हो.

— मग ‘ज्युरीचा निर्णय : २० वर्षं कैद’ करा. न्यायाधीश पहिल्या परिच्छेदात येऊ देत.