समूह शाळेची हद्द नकाशावर नको, पायवाटेवर मोजा

वाडीवरचा बाप

आपल्या शाळा-केंद्राच्या पालक ग्रुपवर परवा एक लांबलचक मजकूर फिरला. लिहिणारे गावचेच, राहायला पुण्यात. म्हणणं असं की दहा-बारा पोरांसाठी दोन मास्तर आणि एक इमारत पोसणं ही चैन आहे, बाजारगावाला रस्त्यालगत पहिली ते दहावीची नवी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी, होते आहे, तेव्हा सातही वाड्यांनी 'भावनेच्या आहारी न जाता' ठरावावर सह्या कराव्यात. मी उत्तर लिहिलं तर 'ग्रुपवर वाद नको' म्हणून काढून टाकलं. म्हणून इथे लिहितोय, सविस्तर.

आधी अंतराचं बोलू. प्रस्तावाच्या तक्त्यात आमच्या वाडीसमोर २.८ किमी लिहिलंय. हे कुणी मोजलं? नकाशावर सरळ रेघ मारली की तेवढं भरतं. पोरगं रेघेवरून चालत नाही. ते खिंड उतरतं, ओढ्यावर येतं, साकव ओलांडतं, पलीकडच्या बांधाने जाऊन रस्त्याला लागतं. गाडीरस्त्याने गेलात तर सव्वासहा किलोमीटर. साकव गेल्या पावसात एका अंगाने खचलाय, कठड्याचा लोखंडी पाइप ओढ्यात लोंबतोय, तो अजून तसाच आहे.

बस देणार म्हणतात. बस डांबर असेल तिथपर्यंत येणार आणि आमचं डांबर देवळापाशी संपतं. देवळापासून वर वाडीपर्यंत सहा वर्षांच्या पोराला रोज कोण आणणार? जुलैत लावणीच्या दिवसांत घरात म्हातारं माणूससुद्धा सापडत नाही.

कायद्यात पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर अशी मर्यादा आहे. २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयातून समूह शाळांचे प्रस्ताव मागवणारं पत्र निघालं. त्या वेळचा आकडा होता वीस किंवा त्याहून कमी पटाच्या, म्हणजे नोंदलेल्या मुलांच्या, १४,७८३ शाळा, त्यात १,८५,४६७ मुलं. ही मुलं राहतात कुठे? वाड्या, पाडे, तांडे, धनगरवाडे. ज्यांच्याकडे दुसरी सोय आहे ते त्या शाळेतून केव्हाच निघून गेलेत.

माझं म्हणणं एवढंच: चौथीपर्यंतची शाळा वाडीतून हलवायची नाही.

खो-खोवाला

दादा, साकवाचं शंभर टक्के मान्य. पण शाळेच्या आतलं पण बघा की. माझा पुतण्या तुमच्या शेजारच्याच वाडीत शिकला. चार वर्षं वर्गात एकटा. म्हणजे वर्गात नऊ पोरं, पण इयत्तेत हा एकटाच. पहिला नंबर त्याचाच, शेवटचा पण त्याचाच. पाचवीला खाली आला तेव्हा पन्नास पोरांत तोंड उघडेना. बाईंनी नाव विचारलं तर मान खाली. वर्ष गेलं त्याला सावरायला.

नऊ पोरांत खो-खोचा संघ होत नाही. स्नेहसंमेलन होत नाही. गणित चांगलं शिकवणारा एक आणि इंग्रजी चांगलं शिकवणारा दुसरा असे शिक्षक मिळत नाहीत. पानशेतला आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा केली, तोरणमाळलाही केली, त्या पत्रात या दोन्हींचा दाखला होता. बघून तरी या.

आणि कायद्याचं अर्धंच सांगताय. जिथे जवळ शाळा देता येत नाही तिथे मोफत वाहतूक द्यावी, असंही त्यात आहे.

वाडीवरचा बाप

'देता येत नाही' तिथे. आमच्याकडे शाळा आहे. पत्रे बदललेत, पाण्याची टाकी आहे, दोन वर्षांपूर्वी गावाने श्रमदानाने कुंपण घातलं. असलेली बंद करायची आणि मग 'देता येत नाही' म्हणायचं, हा कुठला न्याय?

पुतण्याचं वाईट वाटलं. पण वर्षभरात सावरला ना? बसपासून घरापर्यंत पोर ओढ्यात गेलं तर काय सावरणार?

२०१७ मध्येही दहाच्या आत पटाच्या १,३१४ शाळा अशाच बंद करायला काढल्या होत्या. आणि २०२२ ला इगतपुरीच्या दरेवाडीची पोरं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत. शाळा लांब गेली की पोरं काय करतात ते त्या पोरांनीच सांगितलं.

सातवीनंतरची आई

सगळे पहिलीच्या पोरांवरच बोलताय म्हणून लिहिते. मी सातवी शिकले. आमच्या वेळी सातवीनंतर हायस्कूल नऊ किलोमीटर, वडील म्हणाले पोरीला एकटी कशी पाठवू, संपलं.  माझ्या मोठीला हट्टाने आठवीला घातली. एसटीचा मुलींचा पास फुकट होता, तेवढ्याच आधारावर. ती दहावीला असताना नोव्हेंबर २०२१ ला एसटीचा संप लागला तो पार एप्रिलपर्यंत. वडापवाला, म्हणजे खाजगी जीपवाला, माणशी वीस रुपये घ्यायचा आणि बारा जणांत पोरीला मधे कोंबायचा. तिने एक दिवस सांगितलं, आई मी नाही जात त्या गाडीने. का ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मार्चमध्ये परीक्षेला चुलता मोटरसायकलवर न्यायचा. पास झाली, पण पुढे गेली नाही.

धाकटी आता सहावीत आहे. बाजारगावाला दहावीपर्यंत शाळा झाली तर ती शिकेल. नाही झाली तर तिचंही तेच.

आणि दादा, नववी-दहावीला पट लागतो. वीसच्या खाली पट गेला की शिक्षकच मंजूर होत नाहीत, १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावर शिक्षक ठरवण्याच्या, निर्णयाने तेच झालंय. मग पट कुठून येणार? तुमच्या सात वाड्यांतूनच ना? तुम्ही सही करत नाही म्हणजे माझ्या पोरीचं हायस्कूल अडवताय. हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं.

तालुक्याहून

मूळ दुखण्यावर कुणीच बोलत नाही. पट का पडला? शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावात, राहत नाहीत म्हणून. घरभाडे भत्ता घ्यायचा वाडीचा आणि राहायचं तालुक्याला. अकराला येणार, चारला गाडीला किक. आमच्या लहानपणी गुरुजी गावात राहायचे, संध्याकाळी पाढे घ्यायचे. समूह शाळा काढा नाहीतर नका काढू, हे लोक तिथेही तालुक्याहूनच येणार.

द्विशिक्षकी

मी अशाच एका वाडीत नऊ वर्षं आहे. तुम्ही लिहिलंत ते वाचून हात थरथरतायत, तरी लिहिते.

मुख्यालयी राहा म्हणता. वाडीत मला खोली दाखवा. भाड्याने द्यायला एक खोली नाही, ज्या दोन घरांत जागा आहे तिथे एकट्या बाईला ठेवायला घरचे तयार नाहीत. पहिली दोन वर्षं सरपंचांच्या ओसरीवर काढली मी.

आता दिवस सांगते. मी आणि सर, दोघं. सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम त्यांच्याकडे. यादीचं काम निघालं की ते घरोघर. मग पहिली ते चौथी एका खोलीत माझ्याकडे. पोषण आहाराची नोंद रोज मोबाइलवर, आणि आमच्याकडे रेंज फक्त टाकीच्या कट्ट्यावर. रोज दुपारी मी कट्ट्यावर फोन वर धरून उभी असते, आणि पालक खालून बघतात की बाई फोनवर आहेत.

आणि पट. पट म्हणजे बसलेली मुलं नव्हेत, आधार जुळलेली मुलं. माझ्या वर्गात कातकरी वस्तीची चार मुलं आहेत. दोघांच्या आधारावरचं नाव जन्माच्या दाखल्याशी जुळत नाही. ती दोघं रोज येतात, जेवतात, वाचतात, पण संचमान्यतेत ती नाहीतच. चौघंही दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, तिथून मी त्यांना परत आणते. समूह शाळेत सत्तर मुलांत ही चार आली नाहीत तर कुणाला कळणार आहे?

तालुक्याहून

ताई, तुमच्यासारख्या शंभरात पाच. बाकीच्यांचं काय?

द्विशिक्षकी

तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत?

तालुक्याहून

त्याचा इथे काय संबंध?

द्विशिक्षकी

संबंध आहे. सांगा.

तालुक्याहून

तालुक्याला इंग्लिश मीडियमला आहेत. माझ्या पैशाने शिकवतो. उद्या नोकरीच्या मुलाखतीत कुणी मराठीत प्रश्न विचारणार नाही. गरिबाच्या पोरानेच का मराठीत अडकायचं?

खो-खोवाला

हे घ्या. पट का पडला त्याचं उत्तर. गुरुजी राहत नाहीत म्हणून नाही, तुम्ही पोरं उचलून नेलीत म्हणून. आमच्या गावातून सकाळी सात वाजता पिवळ्या गाड्या चार निघतात. सरपंचांचं पोर त्यात, सोसायटीच्या चेअरमनचं पोर त्यात, एका झेडपीच्या गुरुजींचं पोरगंपण त्यात. शिकवणाऱ्यालाच आपल्या शाळेचा भरवसा नाही.

द्विशिक्षकी

माझा मुलगा माझ्याच शाळेत शिकला चौथीपर्यंत. आता कृपया गप्प बसा.

खो-खोवाला

तुमच्याबद्दल नव्हतं बाई ते. पण बोलून गेलो, राहू द्या.

तालुक्याहून

फी मी भरतो, ऊठसूट मला का ऐकवता? इंग्लिश मीडियममध्ये घालणं गुन्हा आहे का? समूह शाळेत सेमी-इंग्लिश करा, मी उद्या दोन्ही पोरं तिथे आणतो. लेखी देतो.

सातवीनंतरची आई

तुमची दोन आणली तर पटाला उपयोग होईल. आणा.

वाडीवरचा बाप

मास्तर, भत्ता, इंग्रजी, सगळं झालं. मूळ प्रश्नावर या.

ताई, तुमचं दोनदा वाचलं. वडापचं वाचून माझी बायको रडली. मी हायस्कूल अडवत नाही. आमच्या वाडीतली सहावी-सातवीची सात पोरं आजही चालतच खाली जातात. त्यांना त्याच ठिकाणी दहावीपर्यंत शाळा मिळाली तर मी हार घालून नेईन. पण प्रस्ताव तसा नाही. पहिली ते दहावी सगळं एकाच आवारात, आणि वाडीच्या शाळांचा यू-डायस नंबरच, म्हणजे सरकारी नोंदच, बंद करणार. तुमच्या पोरीच्या नववीसाठी माझ्या पोराची पहिली का बंद करायची? पहिली-दुसरीच्या पोरांनी नववीचा पट वाढतो का?

सातवीनंतरची आई

नाही वाढत. मला ते माहीत नव्हतं की सगळं एकत्रच नेतायत. आम्हाला मीटिंगला बोलावलं तेव्हा फक्त 'दहावीपर्यंत शाळा' एवढंच सांगितलं.

मग पाचवीपासून वर सगळ्या वाड्यांची पोरं तिथे द्या. सातही वाड्यांची. त्यात मागे-पुढे करू नका.

वाडीवरचा बाप

पाचवीपासून द्यायला मी तयार आहे. पावसाळ्याचे चार महिने बस देवळाच्या वर येईल असा रस्ता आधी करा, मग. आणि साकव.

खो-खोवाला

रस्ता आधी म्हटलं की पाच वर्षं गेली. तोवर ताईंची पोर अकरावीच्या वयाची होईल. आणि चौथीपर्यंत एकट्याने शिकणाऱ्या पोराचं काय, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. निदान आठवड्यातून एक दिवस सातही वाड्यांची लहान पोरं खाली एकत्र आणा, खेळाला. मी मैदान आखून देतो, हवं तर आठवड्याला शनिवारी मी स्वतः येतो.

बाकी अंतराचा तक्ता खोटा आहे, हे मान्य करावं लागतंय. काल मोटरसायकलने जाऊन आलो. सव्वासहा नाही, सहा पॉइंट चार आहे.

धनगरवाडा

सगळ्यांचं झालं असेल तर आमचंही घ्या. सातव्या वाडीत आम्हाला धरलंय. आमचा वाडा घाटाच्या अलीकडे, पण पलीकडच्या तालुक्यातलं हायस्कूल आम्हाला धारेवरून पाऊण तासात पडतं. तुमचं बाजारगाव दीड तास. पोरं आधीपासून पलीकडे जातात, दोघी तिथल्याच वसतिगृहावर आहेत. तालुका वेगळा म्हणून आमची नावं इकडच्या पटात लावलीत, न विचारता. ताईंच्या पोरीसाठी वाईट वाटतं, पण पट भरायला आमची पोरं वाट वाकडी करून येणार नाहीत.

सातवीनंतरची आई

तुमची किती आहेत पाचवीच्या वरची?

धनगरवाडा

अकरा.

सातवीनंतरची आई

अकरा गेली तर नववीला आमचा पट वीसला टेकत नाही. मी घरी बसून मांडून बघितलं.

द्विशिक्षकी

ताई, वीसचा हिशेब नववी-दहावी मिळून करा, आणि आधार न जुळलेली मुलं आधी जुळवून घ्या. आपल्या केंद्रात ती किती आहेत हे मला माहीत आहे, माझ्याकडे यादी आहे. बाजारगावाला आधारचं मशीन मंगळवारी येतं. जन्मदाखला आणि मूल स्वतः हवं. मी कातकरी वस्तीवरून माझी दोन घेऊन येते. तुम्ही तुमच्या बाजूची गोळा करा.

वाडीवरचा बाप

ग्रामसभेत ठराव येईल तेव्हा आमची सही दोन अटींवर. पहिली ते चौथी वाडीतच. अंतराचा तक्ता पायवाटेने मोजून नव्याने, मोजताना गटशिक्षणाधिकारी कार्यालयातलं कुणीतरी सोबत पाहिजे. धनगरवाड्याला त्यांच्या मर्जीवर सोडा, ते बरोबर बोलतायत. मंगळवारी आमच्या वाडीतली तीन पोरं मी आणतो, जीपने. कुणाला वाटेत घ्यायचं असेल तर सांगा.