डोथ्राकींना भाषा दिली, पण त्यांना बोलू कोणी दिलं?

(सोलापूरकरांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

धोटा

'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये अस्तापोर शहरातला एक प्रसंग आहे. क्राझनिस नावाचा गुलामांचा व्यापारी मालिकेतली तरुण राणी डेनेरिस हिच्याशी सौदा करत असतो. तो आपल्या व्हॅलिरियन बोलीत तिला तोंडावर घाणेरड्या शिव्या घालतो आणि शेजारी उभी असलेली मिसांडे, त्याचीच गुलाम, त्या शिव्या गाळून सभ्य शब्दांत तिला सांगते. पुढे कळतं की व्हॅलिरियन ही डेनेरिसची मातृभाषा आहे आणि तिला पहिल्यापासून सगळं समजत होतं. लोक टाळ्या वाजवतात त्या डेनेरिससाठी. मी दर वेळी मिसांडेकडे बघते.

कारण आठव्या वर्षी मी तेच काम केलंय. आमच्या घरी तेलुगू. आजोबा तेलंगणातून सोलापुरात कापडाच्या मागावर कामाला आले आणि अशोक चौकाच्या बाजूला राहिले. अव्वाला, म्हणजे आजीला, मराठी जेमतेम यायचं, म्हणून दवाखान्यात तिच्यासोबत मी. टेबलामागचा माणूस वैतागून "या अडाणी बाईला किती वेळा सांगायचं" म्हणाला, की मी अव्वाला तेलुगूत सांगायची, "गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या म्हणतायत." अव्वा मान हलवायची. माणसाचा सूर कळायला भाषा लागत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

म्हणून माझी तक्रार अशी. या मालिकेने भाषेवर जेवढे कष्ट घेतले, तेवढे ती बोलणाऱ्या माणसांवर घेतले नाहीत. डोथ्राकींना, म्हणजे मालिकेतल्या घोडेस्वार टोळ्यांना, व्याकरण मिळालं, शब्दसंग्रह मिळाला. पण त्यांचा सरदार आणि डेनेरिसचा नवरा खाल ड्रोगो मेल्यावर त्यांच्यातला किती जणांचा चेहरा आठवतो? शेवटच्या सीझनमध्ये विंटरफेलच्या लढाईत सगळ्यांत आधी तेच घोड्यांवरून अंधारात सोडले जातात, पेटत्या तलवारी एकेक करून विझतात आणि आपल्याला गोष्ट दिसते ती तटावरून बघणाऱ्यांची. मिसांडेला १९ भाषा येतात. तिला साखळदंडात उभं करून मारतात आणि तिचा शेवटचा शब्द असतो 'ड्राकारिस', म्हणजे राणी डेनेरिसने ड्रॅगनला आग ओकण्यासाठी द्यायचा हुकूम. तोही राणीसाठीच.

सात रस्ता

तुमच्या अव्वाचं वाचून गलबललं. तरी मी तुमच्या विरोधात लिहितोय, कारण मला वाटतं तुम्ही चुकीच्या मालिकेला धरलंय.

डोथ्राकी कशी घडली ते आधी बघा. कादंबऱ्यांमध्ये मूठभर शब्द होते. भाषा घडवणाऱ्या डेव्हिड पीटरसनने त्यांवरून अख्खी भाषा उभी केली. २०१० मध्ये ती जाहीर झाली तेव्हाच १,७०० हून जास्त शब्द होते. आणि हे शब्द नुसते जिभेला वळण देणारे आवाज नाहीत. 'कसा आहेस' विचारताना डोथ्राकी माणूस विचारतो, 'घोडदौड नीट चाललीय ना?' परक्या माणसाला त्यांचा शब्द 'इफाक', म्हणजे पायी चालणारा. ज्याला घोडा नाही तो परका! जगाकडे बघायची एक नजर त्या एका शब्दात येते. टीव्हीवरच्या 'रानटी' टोळ्यांना आजवर काय मिळायचं? हुंकार, आरोळ्या, फार तर मोडकीतोडकी इंग्रजी. इथे इंग्रज प्रेक्षकाला मान खाली घालून त्यांचं म्हणणं वाचावं लागतं.

दुसरं म्हणजे बोली. स्टार्क घराणं, ज्यांच्या बाजूने आपण पहिल्या भागापासून असतो, ते उत्तर इंग्लंडच्या ढंगात बोलतं. घराण्याचा प्रमुख साकारणारा शॉन बीन स्वतः तिकडच्या शेफील्डचा, तो आपल्याच वळणाने बोलला आणि त्याच्या पडद्यावरच्या पोरांना त्याच्यासारखं बोलायला लावलं. लंडनकडच्यांनी ज्या वळणाला गावंढळ म्हटलं असतं, ते इथे इमानी माणसांच्या तोंडी आहे. आपल्या मराठी मालिकांत सोलापुरी 'का बे' कोणाच्या तोंडी असतं? वॉचमनच्या, नाहीतर हसवायला आणलेल्या मामाच्या. नायिका सोलापूरची दाखवली तरी बोलते सदाशिव पेठेतलं. स्टॅनिस राजा शब्दाची चूक काढतो ती कोणाची, आठवा. डाव्होसची, जो तस्करी करून वर आलाय आणि ज्याला वाचताही येत नाही. मोजता येणाऱ्या गोष्टींना 'लेस' नव्हे, 'फ्यूअर' म्हण, असं तो त्याला सांगतो. आपल्या 'पानी'वर पुण्यात चेहरे होतात तसेच. लिहिणाऱ्यांना भाषेतली उतरंड नक्की कळत होती.

धोटा

उतरंड कळत होती, हेच तर मी म्हणतेय. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आतली उतरंड त्यांनी बारकाईने दाखवली, कारण ती त्यांच्या घरातली. डोथ्राकींसारखे समुद्रापलीकडचे लोक आले की बारकाई फक्त शब्दकोशात उरते.

पार्क चौक

तिसऱ्या सीझनच्या शेवटाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? युंकाई शहराच्या बाहेर सुटलेले गुलाम 'मिसा, मिसा' म्हणत, म्हणजे 'आई, आई' म्हणत डेनेरिसला खांद्यावर घेतात. एक गोरी मुलगी आणि भोवती सगळे सावळे हात. २०१३ मध्ये त्यावर बरीच टीका झाली. पण ते चित्रीकरण मोरोक्कोतलं, गर्दी तिथल्याच लोकांची. पुस्तकात गुलाम सगळ्या वर्णांचे आहेत. बाहेरगावी शूटिंग करताना गर्दीला माणसं तिथलीच घेतात, यात हेतू शोधू नये.

सात रस्ता

इथे मात्र मी पार्क चौक यांच्या बाजूने नाही. गर्दी कुठली हा खर्चाचा प्रश्न असेल, पण कॅमेरा वर नेऊन ते दृश्य तसंच सीझनचा शेवट म्हणून ठेवायचं, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं.

नंदीध्वज

आमच्या घरी कन्नड. मी धोटाताईंशी अर्धा सहमत आहे, पण त्या 'नुसती भाषा' म्हणून जे बाजूला सारतात, ते मला सारता येत नाही.

आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताचं उदाहरण घ्या. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. संक्रांतीला गड्ड्यात, म्हणजे त्यांच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' होतं, सगळं गाव रस्त्यावर असतं. त्या गर्दीत कितीजणांना माहीत असतं की हे बाराव्या शतकातले महाराज कन्नडमध्ये लिहीत होते? माझ्या मुलाला शाळेत कोणी सांगितलं नाही. त्याच्या मित्रांना वाटतं कन्नड म्हणजे विजापूरकडून एसटीने आलेली काहीतरी.

भाषा कानावर पडली, की निदान ती आहे हे तरी कळतं. माझा हाच पोरगा व्हॅलिरियन शिकला, डुओलिंगोवर तिचा कोर्स आहे. मग एकदा आजीला विचारत बसला की कन्नडमध्ये क्रियापदं कशी चालतात. मला राग यावा की आनंद व्हावा कळेना, पण आजी दोन तास खुशीत होती.

करमाळा स्टँड

मी आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचं उदाहरण देतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे मूळचे जेऊरचे. त्यांच्या २०१३ च्या 'फँड्री'मध्ये जब्या या मुलाच्या घरात कैकाडी बोली बोलतात. सिनेमाचं नावच कैकाडी आहे, फँड्री म्हणजे डुक्कर. मराठी प्रेक्षक थिएटरात बसून ती बोली ऐकत होता. पण तिथे आपण जब्याच्या मागून चालतो. गाव त्याला कसं दिसतं ते बघतो, गावाला तो कसा दिसतो एवढ्यावर भागत नाही. शेवटी जो दगड येतो तो आपल्याच अंगावर येतो. डोथ्राकींच्या बाबतीत कधी असं झालं? त्यांच्या तंबूतसुद्धा आपण डेनेरिसच्या मागूनच शिरतो. त्यामुळे माझं मत धोटाताईंना.

सात रस्ता

'फँड्री'समोर मी काय बोलणार? डोथ्राकींबद्दल तुमचं दोघांचं म्हणणं मान्य करतो.

पण अस्तापोरच्या त्या प्रसंगाबद्दल मी मागे हटणार नाही. तिथे खालच्या ओळीत क्राझनिसच्या खऱ्या शिव्या लिहून येतात आणि कानावर मिसांडेचं गुळगुळीत भाषांतर पडतं. म्हणजे आपल्याला दोन्ही कळतं. डेनेरिसला समजतंय हे त्या वेळी आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे दोन्ही बाजू पेलणारी तिथे एकटी मिसांडे, असंच आपण समजतो. काही मिनिटांसाठी प्रेक्षक दुभाषी होतो. त्या पोरीला प्रत्येक वाक्याला काय काय गिळावं लागतं, ते आपल्या तोंडात येतं. धोटाताई, तुम्हाला त्या प्रसंगात तुम्ही दिसलात, त्याचं कारण लिहिणाऱ्याने तुम्हाला तिथे उभं केलं हेच आहे.

धोटा

हे मी असं पाहिलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं, त्या प्रसंगापुरतं.

मिसांडेच्या शेवटाबद्दल माझा राग आहे तसाच आहे. १९ भाषा येणाऱ्या बाईला मरताना एक शब्द स्वतःसाठी मिळाला नाही.

रविवारी तो भाग आईसोबत पुन्हा बघणार आहे. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून खालच्या ओळी मीच तेलुगूत सांगणार. या वेळी शिव्यांसकट.